सूर्यास्ताआधीचा पेला

पाहुणे येतील तेव्हा आण्णांनी आतल्या खोलीत बसायचं, हे अरिहंतनं सकाळी दात घासताघासताच जाहीर केलं. तोंडात फेस होता, त्यामुळे पहिल्यांदा कुणाला नीट कळलं नाही. चूळ भरून त्यानं पुन्हा सांगितलं, तेव्हा कळलं.

"बसायचं म्हणजे कसं?" आण्णांनी, म्हणजे धनपालांनी विचारलं.

"निवांत बसायचं. टीव्ही लावून देतो. दार लोटून घेतो."

"आणि खोकला आला तर?"

अरिहंतनं बायकोकडं बघितलं. प्रियदर्शनी हुग्गीसाठी खपली गहू निवडत होती. तिनं ताटातून मान वर केली नाही. "उशीत तोंड घालायचं, मामंजी. पाच मिनिटांचा तर प्रश्न असतोय."

"उशी बुरसटलेली हाय. तिनंच खोकला येतो."

"नवीन देते की."

धनपालांना राग आला नाही. खरं तर त्यांना ते पटलंच होतं. नात ब्राह्मीची दोन स्थळं त्यांच्या छातीनं घालवली होती. श्रावणात इचलकरंजीची माणसं बैठकीत बसलेली असताना त्यांना जी उबळ आली ती सात-आठ मिनिटं थांबली नाही. जाताना मुलाच्या बापानं जिन्यात अरिहंतला हळूच विचारलं, "घरात टीबी वगैरे न्हाई न्हवं?" दमा आहे, टीबी नाही, हे सांगायला अरिहंत फाइल घेऊन खाली पळाला, तोवर गाडी चौकाच्या पुढं गेली होती. आश्विनात कोल्हापूरची माणसं आली त्या दिवशी तर धनपाल घरातच नव्हते. मिरजेला दवाखान्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडले होते. वर्षातला दुसरा न्यूमोनिया. घरात आजारपण आहे म्हटल्यावर कोल्हापूरकरांनी चहासुद्धा अर्धाच घेतला.

आता हे तिसरं स्थळ, उंब्रजचं. मुलगा गोमटेश, ठिबकच्या पाइपांचं दुकान. बाप लहानपणीच गेलेला, काका आणि आजीनं वाढवलेला. आधीच्या दोन मुलांचे फोटो ब्राह्मीनं नीट बघितलेसुद्धा नव्हते. ह्याच्याशी ती गेला दीड महिना गच्चीवर जाऊन फोनवर बोलत होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी तसं दाखवत नव्हतं. हे स्थळ गेलं तर पोरगी हसायची बंद होईल, एवढं धनपालांना कळत होतं. घरात हसणारी आता ती एकटीच राहिली होती.

"बसतो आतल्या खोलीत," ते म्हणाले.

"आणि संध्याकाळची गोळी आज राहू दे," अरिहंत म्हणाला. "ती घेतली की तुमचा कफ सुटायला लागतो. पाहुणे जाईपर्यंत सुटायला नको."

"राहू दे," धनपाल म्हणाले.

ब्राह्मी आंघोळीला गेली होती. तिनं हे ऐकलं असतं तर सकाळीच भांडण झालं असतं. ती मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि गेले अडीच महिने आज्जाची छाती तिच्या ताब्यात होती.

त्या गोळीचंही एक प्रकरणच होतं. चाळीस वर्षं हळदीच्या गोदामात काढलेला माणूस. दमा आधीपासूनचाच, त्यात पिवळी धूळ. डॉक्टरांनी धूळ सोडायला लावली, पंप दिला, आणि तरीही छाती दर दोन-तीन महिन्यांनी पिकायला लागली तेव्हा ही गोळी दिली. पाण्यात टाकली की फसफसायची. डॉक्टर सांगलीचेच, गुळाच्या बाजारपेठेतले, त्यामुळे समजावून सांगताना त्यांना लांब जावं लागलं नाही. "आण्णा, तुमच्या छातीत कफाचा गूळ होतोय. घट्ट ढेप. ती तिथंच बसती आणि तिच्यात जंतू पडतात. ही गोळी त्याची काकवी ठेवायला. काकवी असली की खोकल्यानं बाहेर येती. दम्याला पंपच, तो सोडायचा नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं."

भरपूर पाण्याचं काय ते दिवसाच. त्यांच्या बायकोनं, राजमतीनं चौविहार धरला त्याला तीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ह्या घरात सूर्य बुडाला की कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नव्हता. पंप ओढायला हरकत नाही, तो वाऱ्याचा असतो, हा निवाडाही तिनंच दिला होता. गोळी मात्र पाण्यातली. म्हणून एक सकाळी आणि एक सूर्यास्ताआधी. स्वयंपाकघराच्या दाराशी जैन कॅलेंडर होतं, त्यात रोजची वेळ छापलेली असायची.

पहिली गोळी राजमतीनंच पाण्यात टाकली होती, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. पेला नाकाजवळ नेला. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग जी हसायला लागली ती हसतच फरशीवर बसली. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी, आणि काय झालं ते सांगेना.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. नाक धरा आणि प्या."

"वास कशाचा येतोय ह्याला?"

"ते तुमाला कळायचं न्हाई. तुमी लय चांगलं माणूस हाय. प्या."

पुढं रोज पेला देताना तिच्या ओठाचा कोपरा हलायचा. ते रोज विचारायचे. ती म्हणायची, सांगीन कधीतरी. आणि चैत्रात एका दुपारी, भाजी निवडताना, न सांगताच गेली. त्यानंतर धनपालांनी गोळी सोडली ती सोडलीच. देणारं कोण नव्हतं असं नाही. पण तो फसफसणारा पेला हातात घेतला की समोर हसणारं माणूस पाहिजे, अशी त्यांना सवय लागली होती. दोन न्यूमोनिया झाले ते त्यानंतरच. मग ब्राह्मीनं हात कमरेवर ठेवून सांगितलं, "आज्जा, तिसरा झाला तर डॉक्टर काय म्हणालेत ते मी ऐकलंय. गोळी मी देणार." तेव्हापासून रोज गोळी, रोज पाठीवर थापट्या, आणि अडीच महिने दवाखान्याचं तोंड बघितलं नव्हतं.

पाहुणे चारला येणार होते. हायवेला अडकले आणि आले सव्वापाचला. खोलीच्या दाराला चार बोटं फट राहिली होती, तिच्यातून धनपालांना बैठक दिसत होती. मुलगा गोमटेश उंच, सावळा, बसताना गुडघे कुठं ठेवावेत ह्या विचारात. त्याचा काका भाऊसो पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. आणि आजी हरणाबाई, ऐंशीच्या पुढची, पांढरं लुगडं, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. पाठीला टेका नाही.

"जय जिनेंद्र. उशीर झाला, माफी असावी," भाऊसो म्हणाला. "आमच्या घरात शिस्त लय. वेळ म्हंजे वेळ. आज हायवेनं नाक कापलं बघा."

"असू दे की," अरिहंत म्हणाला.

"आमच्यात कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई. दिस बुडला की पाणी न्हाई. आमच्या आईनं सत्तर वर्सं पाळलंय. आमी तिच्या पोटचं, आमी बी पाळतो. आजकाल लोक बाहेर जाऊन काय काय खात्यात. मी म्हणतो, घरात एक न् भाईर एक, ह्याला काय अर्थ हाय?"

"बराबर हाय," अरिहंत म्हणाला आणि उगाचच सतरंजीचा कोपरा सरळ केला.

"तुमचं वडील दिसंनात," हरणाबाई म्हणाली.

"ते जरा... विश्रांती घेत्यात."

"दुपारची?"

"व्हय. दुपारची."

हरणाबाईनं खिडकीतून कलंडलेल्या उन्हाकडं बघितलं.

धनपालांच्या घशात खवखव सुरू झाली होती. नवी उशी मांडीवर होती. त्यांनी तिचा कोपरा तोंडात धरला. टीव्हीवर कुणीतरी घर सोडून चाललं होतं आणि दहा माणसं त्याच्याकडं आळीपाळीनं बघत होती.

पावणेसहाला मागच्या दारानं ब्राह्मी आत आली. आंबा रंगाचं साधं काठाचं पातळ, केसात अबोली. "आज्जा, गोळी घेतली?"

"आज राहू दे म्हणलोय."

"कोण म्हणलं?"

"मीच."

"खोटं. पप्पा म्हणले." ती त्यांच्या मांडीवरच्या उशीकडं बघत राहिली. उशीवर दाताचे वण होते. "हे काय चाललंय?"

"तुझ्यासाठीच चाललंय, बाळा. तू जा भाईर. आज एक दिवस."

"आज एक दिवस म्हणून सुरू होतं. अठरा मिनिटं आहेत सूर्यास्ताला. मी गोळी टाकून आणते. तुम्ही प्यायला नाही तर मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर जाणार नाही. बघा काय ते."

ती गेली. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग ओळखीची फसफस. आणि नेमकी त्याच वेळी बैठकीतून भाऊसोची हाक आली, "वैनी, दिस बुडायच्या आत घोट-घोट पाणी मिळंल काय? प्रवासानं घसा वाळलाय." प्रियदर्शनी धावली. राजमतीच्या रुखवतातले फुलाफुलाचे सहा काचेचे पेले, सगळे एकासारखे एक. ब्राह्मी कपात चहा गाळायला वळली होती. प्रियदर्शनीनं घाईत आणखी तीन भरले, ओट्यावरचे भरलेले सगळेच पेले तबकात घेतले आणि गेली.

धनपालांनी फटीतून बघितलं. तबकातल्या चार पेल्यांपैकी एकात बुडबुडे चढत होते. ते बघून त्यांच्या तोंडातून उशी गळाली. पण हाक मारावी तर खोकला, आणि खोकला आला तर स्थळ. एवढा विचार करेपर्यंत तो पेला भाऊसोच्या हातात गेला होता.

"सोडा केलाय काय? कशाला एवढं," असं म्हणत त्यानं पेला तोंडाशी नेला आणि थांबला. नाक फुललं. पेला लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"ह्याला अंड्याचा वास येतोय," तो म्हणाला.

प्रियदर्शनीनं तबकातले उरलेले पेले घाईनं खाली ठेवले, त्यात थोडं पाणी फरशीवर सांडलं.

"नासक्या अंड्याचा. ह्यात अंडं हाय."

हरणाबाईनं पाय खाली सोडले. चपला शोधल्या. "उठ गोमटेश," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "ज्या घरात अंडं शिजतंय तिथलं पाणी आपल्याला चालत न्हाई."

ब्राह्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या तोंडाकडं धनपालांनी बघितलं मात्र, आणि दार उघडून ते बाहेर आले. अंगात भोकं पडलेला स्वेटर, डोक्याला माकडटोपी, काखेत उशी.

"थांबा," ते म्हणाले आणि खोकले. "तो पेला माझा हाय. औषध हाय ते." पुन्हा खोकले. "मी धनपाल. पोरीचा आज्जा. मला दमा हाय, छाती सारखी पिकती. टीबी न्हाई, कागद हायत. मी विश्रांती घेत नव्हतो. मला खोलीत बसवलं होतं, मी बसलो होतो. चूक माझी हाय. पोरीची काय न्हाई."

अरिहंत डोळे मिटून उभा होता.

हरणाबाईनं एक चपल घातली होती, दुसरी हातात होती. तिनं धनपालांकडं नीट बघितलं. मग भाऊसोच्या हातातून पेला काढून घेतला आणि स्वतः हुंगला. बराच वेळ हुंगला.

"मला तर कायच कळंना," ती म्हणाली. "तुमाला कसला लागतोय ओ वास?"

"मला दिवाळीतल्या सापाच्या गोळीसारखा लागतो."

"अंड्याचा?"

"अंड्याचा असतो कसा ते मला ठाऊक न्हाई. दुकानात लांबनं बघितलंय."

"मला बी न्हाई." हरणाबाई सावकाश मुलाकडं वळली. "भाऊसो, मग तुला रं कसं ठावं?"

भाऊसोनं रुमाल काढला. मिशीवरून हात फिरवला. खाकरला. ह्या खोलीत खाकरायचा हक्क खरं तर धनपालांचा होता.

मदतीला धावला तो अरिहंत. बैठकीतली लाज झाकायचा त्याचा स्वभावच होता. "आजी, त्यांचा गैरसमज झालाय. अंड्याला असा वास नसतोच. अंड्याचा वास जरा तुपकट असतो, कांद्याबरोबर..." तो थांबला. फार उशिरा थांबला.

"आवं, ते आम्लेटचं," प्रियदर्शनी न राहवून म्हणाली. "उकडल्याचा असाच येतो." आणि तिनं स्वतःच्या तोंडावर तबक धरलं.

हरणाबाई पुन्हा सोफ्यावर बसली. पाय वर घेतले. चपल शेजारी ठेवली. "बसा समदी," ती म्हणाली. "भाऊसो, तुझ्यापासनं सुरू कर."

"महाबळेश्वरला, आई. हॉटेलात माल टाकायला गेलतो. पावसात चार दिवस अडकलो. थंडी लय होती."

"थंडी मला बी वाजती. मी वाकळ घेते."

"एकदाच, आई."

"चार दिवस म्हणलास."

"चार दिवसात एकदाच. म्हंजे रोज एकदाच."

गोमटेशच्या खांद्यातून पहिल्यांदा हसू फुटलं. त्यानं ते दाबायला मान खाली घातली, तर हरणाबाईचं बोट तिकडं वळलं. "तू कशाला हसतोयस? पुण्याला होस्टेलला तू काय उपास करत हुतास?"

"फक्त रविवारी, आज्जी. मेस बंद असायची."

"किती वर्सं?"

"चार."

ब्राह्मीला वाटलं आपण शास्त्रानं हे मिटवावं. ती पुढं आली. "आजी, ह्या औषधात अंडं नाहीच. त्यात गंधक असतं. त्याचा वास अंड्यासारखा येतो, एवढंच."

"गंधक हाय हे कॉलेजात शिकलीस. अंड्यासारखा येतोय हे कुठं शिकलीस?"

ब्राह्मीनं गोमटेशकडं बघितलं. गोमटेशनं पंख्याकडं बघितलं.

"साताऱ्यात," ब्राह्मी म्हणाली. "स्टँडसमोर. गेल्या महिन्यात. एकच मागवलं होतं, दोघांत."

"म्हंजे बघायचा कार्यक्रम होऊन गेलेलाच हाय म्हणा की," हरणाबाई म्हणाली. "आमी आपलं उगंच हायवेला अडकलो."

आधी भाऊसो हसला. मग प्रियदर्शनी तबकाआडून. अरिहंत हसू नये म्हणून गाल चावत होता, त्याचा आवाज नाकातून आला. आणि धनपाल मात्र उभेच होते. हातात आता हरणाबाईनं दिलेला तो पेला होता. बुडबुडे कमी झाले होते. त्यांनी हुंगलं. अंडं. म्हणजे हे अंडं. म्हणजे राजमतीनं पेला हुंगला आणि फरशीवर बसली, म्हणजे तिला...

"तिला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"माझ्या बायकोला. ह्या वासाला ती हसायची. पोट धरून हसायची. मला सांगायची न्हाई. म्हणायची, तुमी लय चांगलं माणूस हाय."

आणि ते हसायला लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. हसू पोटातून आलं, छातीत अडकलं, आणि त्याचा खोकला झाला. अशी उबळ की ब्राह्मीनं पेला त्यांच्या हातातून काढला, त्यांना खुर्चीवर वाकवून बसवलं आणि पाठीवर ओंजळीनं थापट्या मारायला लागली. अरिहंत पंप आणायला पळाला, प्रियदर्शनी तस्त आणायला. दोघं दारात एकमेकांवर आपटले. धनपाल खोकत होते आणि मध्येच हसत होते. पाहुण्यांसमोर नको ते सगळं त्या तीन मिनिटांत झालं. शेवटी छातीत खोल कुठंतरी काहीतरी सुटलं आणि तस्तात हा एवढा बेडका पडला.

"पडला?" हरणाबाईनं लांबूनच विचारलं.

"पडला," ब्राह्मी म्हणाली.

"पातळ का घट्ट?"

"पातळ आहे, आजी. रंगही साफ आहे."

"मग बेस झालं." हरणाबाई समाधानानं मागं टेकली. आल्यापासून पहिल्यांदा टेकली. "आमच्या मालकास्नी असाच हुता. पावणं आलं की आमी त्यास्नी माडीवर बसवायचो. धाकट्या नणंदंच्या लग्नात दोन दिवस बसवलं. टॉवेल तोंडात कोंबून बसलं हुतं बिचारं. आत कोंडून कोंडून शेवटाला छातीतच..." तिनं हात हलवला. "कफ कोंडून ठेवायची वस्तू न्हवं. माणूस बी न्हवं. पोरी, ह्या गोळीनं दमा जातोय काय?"

"दमा जात नाही. त्याला पंपच. आणि गोळी सगळ्यांनाच लागू पडते असं नाही. आज्जांना पडली."

पंप ओढून धनपाल सरळ बसले. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, मध्ये कुणी अडवत नव्हतं.

"ती गोळी कोण पिणार?" गोमटेशनं घड्याळाकडं बघून विचारलं. "चारच मिनिटं आहेत."

एकदम पळापळ झाली. भाऊसो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि सूर्य किती उरला ते सांगायला लागला. पाव उरला. नखाएवढा उरला. हरणाबाईला दुसऱ्या पेल्यातलं साधं पाणी दिलं, ती घटाघट प्याली. धनपालांनी आपला पेला उचलला. नाक धरलं नाही. ह्या वेळी मुद्दाम हुंगत प्यायले, सगळा, तळापर्यंत.

"बुडला," भाऊसो म्हणाला.

"हुग्गी राहिली की," प्रियदर्शनी कळवळली. "तोंड गोड करायचं होतं."

"उद्याच्याला डब्यात द्या. सकाळी खातो. होकार हाय असं समजा," हरणाबाई म्हणाली. ब्राह्मीकडं तिनं बघितलं नाही. ब्राह्मीच्या हातातलं तस्त मात्र पडता पडता वाचलं. "पर एक हाय. खाल्लंय त्यानं त्यानं येत्या चतुर्दशीला उपास धरायचा. निर्जळी. भाऊसोनं चार."

"चार?"

"थंडी लय हुती न्हवं."

हसणं ओसरल्यावर धनपालांनी सुनेकडं बघितलं. "तिला कुठं मिळालं असंल गं अंडं? ती तर घर सोडून कुठं गेली न्हाई."

प्रियदर्शनी खाली बसली होती, सांडलेलं पाणी पुसत. पुसायचं थांबली. "इथंच, मामंजी. ह्याच घरात." तिनं फडक्याची घडी घातली. "ब्राह्मी झाली तेव्हा मला रक्त नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या. आत्याबाई कुणालाच बोलल्या नाहीत. तुम्ही आणि हे गोदामाला गेलात की मागल्या परसात विटांवर लहान पातेलं ठेवून उकडायच्या. एकवीस दिवस. मग ते पातेलं आयर्विन पुलावरनं खाली कृष्णेत टाकलं."

"ते मांजरानं पाडलं म्हणली होती. चेपलं म्हणून मोडीत दिलं म्हणली."

"पुलावर माझ्या पदराला धरून उभ्या होत्या. पातेलं पाण्यात पडायला किती वेळ लागतोय ते मोजत होत्या."

"आणि तिनं स्वतः?"

"मी पहिल्या दिवशी खाईना. रडत होते. एकटीलाच पाप लागंल म्हणलं. मग त्यांनी ते अंडं मधोमध कापलं. अर्धं त्यांनी खाल्लं, डोळे मिटून. म्हणाल्या, घे, आता दोघीत."

अरिहंत बायकोशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन फरशी पुसायला लागला. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होता.

"आज्जी," धनपाल हरणाबाईला म्हणाले. तसं म्हणावं इतकी ती मोठी नव्हती, पण त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. "जो आता न्हाई, त्याच्या उपासाचं कसं?"

हरणाबाईनं विचार केला. सत्तर वर्षांचं पाळणं पणाला लावून विचार केला. "तिचा तुमी धरा. पर अर्धंच खाल्लंय तिनं. अर्ध्याला एकासन चालंल, एक वेळ जेवा. आणि गोळी चुकवायची न्हाई, ती जेवणातच घ्या."

"पुरा धरतो की."

"तुमी आजारी माणूस."

"मग दोन चतुर्दशी अर्धा अर्धा धरतो," धनपाल म्हणाले. "दोन मिळून पुरा. अर्ध्यावर ती कधी थांबलीच न्हाई."

रिकामा पेला त्यांच्या हातातच होता. तळाशी एक थेंब राहिला होता. सूर्य बुडाला होता, त्यामुळे तो प्यायचा नव्हता. त्यांनी नुसतं हुंगलं, आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.